नीरगंटी आणि श्रीखंड्या

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मल्लेश्वरम येथे दिलेले भाषण)



पन्नाशीच्या उत्सवात संस्थापकांचे स्मरण करावे, देणगीदारांचे आभार मानावेत, ही आपल्याकडची रीत आहे आणि ती योग्यच आहे. तो भाग आमच्याहून अधिकारी वक्त्यांनी उत्तम रीतीने पार पाडला आहे. आम्ही आज आपल्यासमोर अशा एका माणसाचे चरित्र ठेवणार आहोत, की ज्याचे नाव कोणत्याही संगमरवरी पाटीवर कोरलेले नाही. तो कोणी एकच एक पुरुष नव्हे. या कानडी मुलखात गावोगावी, पिढ्यान्‌पिढ्या एकच आयुष्य जगलेल्या माणसांचे ते सामाईक चरित्र आहे. कानडीत त्याला नीरगंटी म्हणतात. नीरगंटी म्हणजे तळ्याच्या पाण्याचा राखणदार आणि वाटेकरी.

बंगळूर हे समुद्रसपाटीपासून नऊशेहून अधिक मीटर उंचीवर वसलेले शहर. त्याच्या अंगणातून कोणतीही मोठी नदी वाहत नाही. म्हणून येथील पूर्वजांनी उतारावरचे पावसाचे पाणी बांध घालून अडवले, एका तळ्याचा सांडवा पुढच्या तळ्यात सोडला आणि अशा तळ्यांच्या माळा गुंफल्या. तळे बांधणाऱ्या राजाचे वा पाळेगाराचे नाव शिलालेखात राहिले. ते तळे वर्षानुवर्षे जिवंत ठेवण्याचे काम मात्र नीरगंटीकडे असे.

त्याचे काम काय होते? पावसाळ्यात रात्री-अपरात्री बांधावरून फिरायचे, उंदीर-घुशींनी कोठे बिळे केली आहेत का, पाणी कोठे पाझरते आहे का, ते पाहायचे. सुगीच्या आधी तळ्याची मोरी, जिला कानडीत तूबु म्हणतात, ती उघडायची आणि वेळेवर बंद करायची. कोणाच्या वाफ्यात किती वेळ पाणी जाणार, हे त्याच्या हाती. शेतकरी कितीही मातबर असो, त्याने स्वतः मोरीला हात लावायचा नाही, असा दंडक असे. पाऊस कमी झाला की यंदा किती जमीन भिजवायची हे गाव ठरवी, आणि ठरलेले तंतोतंत अमलात आणण्याची जबाबदारी नीरगंटीची. वरच्या शेतकऱ्याचा रोष पत्करून शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचवणे, हीच त्याच्या इमानाची कसोटी. या कामाचा मोबदला खळ्यावरच्या धान्याच्या रूपाने मिळे. मुलगा बापाच्या मागे बांधावरून फिरत फिरत हे सारे शिके. घराणे आणि तळे अशी त्या दोघांची जोडी पडलेली असे.

आणि देव? तळे काठोकाठ भरून सांडव्यावरून पाणी वाहू लागले की गाव गंगेची पूजा करी. सुपात हळदकुंकू, बांगड्या, फळे ठेवून ते बागिन पाण्यात सोडण्याची चाल आजही आहे. कृष्णराजसागर भरले की राज्याचे मुख्यमंत्री जाऊन कावेरीला बागिन अर्पण करतात. आपल्या भगिनींना यात ओटीची आणि वाणाची ओळख सहज पटेल. पाणी ही माहेरवाशीण आहे, तिची ओटी भरून तिला पाठवावे, ही भावना कृष्णा आणि कावेरी या दोन्ही खोऱ्यांत सारखीच नांदते.

आपल्या मुलखातही या नीरगंटीचे सख्खे भाऊ होते. कानडी गावगाड्यात जसे बारा आयगार, तसे आपल्याकडे बारा बलुतेदार. आणि त्यांत गावाला पाणी भरणारा कोळी असे. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीनशेहून अधिक वर्षे फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागायची, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पाणी पाळीपाळीने द्यायचे. तेथे पाणी देणारा तो पाटकरी आणि राखण करणारा तो जागल्या. पुण्याच्या वाड्यांत कावडीने वा खांद्यावर घागरी वाहून पाणी भरणारा पाणक्या असे. भाषा बदलली, हुद्दा बदलला, तरी ओझे एकच.

येथपर्यंतचे वर्णन ऐकून कोणास वाटेल, की काय तो सुखी गावगाडा! तसे म्हणून आम्हाला थांबता येत नाही. या चरित्रात एक काटा आहे, आणि तो लपवला तर चरित्र खोटे ठरेल. बंगळूर-कोलार भागात नीरगंटीचे काम बहुतेक ठिकाणी दलित समाजाकडे असे. ज्याच्या हातातून साऱ्या गावाचे शेत भिजे, त्याला त्याच गावाच्या विहिरीचा काठ वर्ज्य असे. वाटणाऱ्याचा स्वतःचा वाटा मात्र दुसऱ्याच्या ओंजळीतून वरून पडेल तेवढाच. जे हात तळ्याला चालतात ते घागरीला चालत नाहीत, हा न्याय कोणत्या धर्माचा, हा प्रश्न आपल्या पूर्वजांना पडला नाही असे मात्र नाही. तो ज्यांना पडला, त्यांत पैठणचे एकनाथमहाराज अग्रभागी होते.

नाथांचे चरित्र आपण सर्वांनी आजीच्या मांडीवर ऐकले आहे. ते प्रपंच सोडून गेलेले विरागी नव्हते. गिरिजाबाई, मुलेबाळे, पाहुणेरावळे यांनी भरलेले घर त्यांनी शेवटपर्यंत सांभाळले. त्यांच्या कथांत पाणी सारखे येते. रामेश्वराला वाहण्यासाठी काशीहून कावडीने आणलेले गंगाजल त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले. गोदेच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे महाराचे पोर त्यांनी कडेवर घेतले आणि आईच्या स्वाधीन केले. आणि १५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीस त्यांनी गोदावरीतच देह ठेवला.

याच घरी श्रीखंड्या नावाचा एक पोरका मुलगा कामाला राहिला, अशी परंपरेची कथा आहे. बारा वर्षे तो गोदावरीवरून कावडीने पाणी आणून रांजण भरत होता, गंध उगाळीत होता, पडेल ते काम करीत होता. पुढे द्वारकेहून एक भक्त शोध घेत आला आणि त्याने विचारले, "तुमच्याकडे पाणी भरणारा तो कोठे आहे?" तेव्हा श्रीखंड्या दिसेनासा झाला, आणि पाणी भरणारा साक्षात भगवंत होता हे घराला उमगले. आजही पैठणला तुकाराम बीजेला त्या रांजणाची पूजा होते आणि भाविक गोदेचे पाणी आणून त्यात ओततात. ज्याच्या घागरीने रांजण काठोकाठ भरेल, त्याच्या रूपाने श्रीखंड्या येऊन गेला, अशी श्रद्धा आहे. त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या हजारो माणसांपैकी कोणीही श्रीखंड्या असू शकतो, म्हणून कोणाकडेही तुच्छतेने पाहता येत नाही. आमच्या मते या प्रथेचे मर्म हेच आहे.

मराठी भक्तीने देवाला हे काम पुन्हापुन्हा दिले. जनाबाईसाठी विठ्ठलाने पाणी वाहिले. कर्नाटकाचे पुरंदरदास पंढरीस असताना शिष्य अप्पण्णाच्या रूपाने विठ्ठलाने त्यांना पाणी आणून दिले, आणि उशीर झाला म्हणून दासांनी रागाने ते भांडे त्याच्यावरच टाकले, अशी कथा कानडी घरांत सांगतात. पाणी आणणाऱ्यावर रागावणे किती सोपे आहे, हे त्या कथेने किती नेमके टिपले आहे! ज्या मुलखात पाणक्याचे स्थान सर्वांत खाली होते, त्याच मुलखाच्या संतांनी देवाला पाणक्या केले. यातला बोध कथेत राहिला. व्यवहारात उतरायला मात्र फार काळ लागला.

तो व्यवहारात उतरवणारी माणसेही आपल्याच भाषेची. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि त्या ओंजळीचा हक्क न्यायालयात सिद्ध होण्यास १९३७ साल उजाडावे लागले. पुढे १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला, तेव्हा पुण्याचे अभियंते आणि कारखानदार विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात गेले. नायगावात देवस्थानची सुमारे ४० एकर उजाड जमीन त्यांनी खंडाने घेतली, उतारावर बांध घातले, पाणी अडवले, आणि त्यातून पाणी पंचायतीचा विचार उभा केला. पाण्याचा वाटा जमिनीच्या मापाने द्यायचा नाही, माणशी द्यायचा; भूमिहीनालाही त्यात हक्क असेल; आणि फार पाणी पिणारा ऊस त्या पाण्यावर घ्यायचा नाही, असे त्याचे नियम होते. या कामात त्यांच्या पत्नी कल्पनाताई बरोबरीने उभ्या होत्या. २००२ मध्ये विलासराव निवर्तले. जो पाणी वाटतो त्याचाही पाण्यात वाटा असला पाहिजे, नीरगंटीच्या चरित्रातला तो काटा काढण्याचा हा एक प्रामाणिक प्रयत्न होता.

आता आपण मल्लेश्वरमला परत येऊ. येथे आपण परके आहोत, असे आपल्यापैकी कित्येकांना वाटते. या भूमीचा आणि आपला संबंध किती जुना आहे पाहा. १६३८ पासून बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव मल्लपुरच्या मल्लिकार्जुन देवाला दिले, असे १६६९ चा शिलालेख सांगतो. तो देव म्हणजेच आपला काडु मल्लेश्वर, ज्याच्या नावाने ही वसाहत ओळखली जाते. म्हणजे येथे आलेल्या मराठी माणसाची सर्वांत जुनी खूण कोणती, तर त्याने या गावच्या देवाला काही दिले, ही होय.

आपल्या नळाचे पाणीही असेच दुसऱ्यांच्या कष्टातून आले आहे. जवळचे सँकी तळे १८८२ साली कर्नल सँकी यांच्या योजनेतून बांधले गेले. शेषाद्री अय्यर दिवाण असताना, १८९६ मध्ये अर्कावतीवरील हेसरघट्ट्याचे पाणी शहरात आले, आणि पुढे ते गाळण्यासाठी आपल्या मल्लेश्वरममध्येच यंत्रणा उभी राहिली. १८९८ च्या प्लेगनंतर दाटीवाटीच्या पेठेतून बाहेर पडलेल्या कुटुंबांनी मल्लेश्वरम आणि बसवनगुडी वसवले. १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचे पाणी आले, १९७४ मध्ये कावेरीचे. आज सुमारे शंभर किलोमीटरांवरून आणि कित्येक शे मीटर चढ चढवून कावेरीला आपल्या न्हाणीघरापर्यंत आणले जाते.

या इतिहासात एक नाव असे आहे, की ज्याने आपल्या दोन्ही मुलखांचे ऋण एकमेकांत गुंफले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे मुद्देनहळ्ळीचे, तेलुगूभाषक घरातले पुत्र. १८८३ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजातून अभियंते होऊन ते मुंबई इलाख्याच्या नोकरीत शिरले आणि नाशिक-खानदेशापासून पुण्यापर्यंत मराठी मुलखाचे पाणी त्यांनी सांभाळले. नीरेच्या कालव्यावर पाणी अधिक गावांना पुरावे म्हणून त्यांनी पिकांची गटवार आखणी सुचवली; आपल्या फडाशी तिचे नाते सहज जुळते. १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. १९०९ मध्ये ते म्हैसूरला परतले आणि पुढे दिवाण झाले. कर्नाटकाच्या माणसाने आमच्या पुण्याचे पाणी राखले आणि आम्ही त्याच्या बंगळूरचे पाणी पितो आहोत. हे देणेघेणे लक्षात ठेवले तर भाषेवरून होणारी कित्येक भांडणे आपोआप ओसरतील.

नळ आला आणि नीरगंटी गेला. तळ्याची गरज संपली असे शहराला वाटले. ज्या तळ्याचे नाव धर्मांबुधी, म्हणजे धर्माचा सागर, त्याच्या जागी आज मॅजेस्टिकचे बसस्थानक आहे. संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण उभे आहे. राखणदार उठून गेला की तळे फार दिवस तग धरीत नाही. याउलट उदाहरणही आपल्या दारातच आहे. काडु मल्लेश्वराच्या समोरची जागा बांधकामात जाणार होती; रहिवाशांनी विरोध केला, १९९७ मध्ये तेथे उत्खनन झाले, आणि मातीखालून पायऱ्यांची कल्याणी व नंदीच्या मुखातून पिंडीवर पडणारी धार प्रकट झाली. ते नंदीतीर्थ आज आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. ते वाचले, कारण काही साध्या माणसांनी नीरगंटीचे काम कोणी न सांगता अंगावर घेतले.

२०२४ च्या उन्हाळ्यात या शहरावर पाण्याचे केवढे संकट आले, ते आपण अनुभवले आहे. कूपनलिका आटल्या, टँकरच्या फेऱ्यांचे हिशेब घराघरांत सुरू झाले, आणि चावी सोडणाऱ्या माणसाची वाट आपण तिथीसारखी पाहू लागलो. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला आणि शहराने सुटकेचा निःश्वास टाकला. पण दूरची नदी आणखी किती वेळा आणता येईल? ती नदी कोण्या शेतकऱ्याच्याही वाट्याची आहे, हे विसरून चालेल काय?

आपल्या मराठीत 'बारा गावचे पाणी प्यालेला' असा वाक्प्रचार आहे. चतुर, अनुभवी माणसाला आपण तो लावतो. आपण सारे नोकरीधंद्यानिमित्त बारा गावचे पाणी प्यालेली माणसे आहोत. कित्येकांना इथले पाणी इतके मानवले, की मुलानातवंडांसह ते येथलेच झाले. आम्ही आज एवढाच प्रश्न आपल्यापुढे ठेवतो: बारा गावचे पाणी आपण प्यालो; त्यांतल्या एका तरी गावचे भरले काय? परमुलखात माणूस किती वर्षे राहिला यावरून तो तेथला होत नाही. त्या गावच्या रांजणात त्याने आपली घागर ओतली, की तो तेथला झाला.

या विचाराला धरून तीन गोष्टी आम्हाला सुचतात. त्या नम्रपणे सांगतो. पहिली, घरातली. पावसाचे पाणी साठवणे वा जिरवणे या शहरात २००९ पासून ठरावीक आकारांच्या जागांना कायद्यानेच सांगितले आहे. कायद्याच्या भीतीने केवळ एक नळी खाली सोडून मोकळे होऊ नये. मंडळाच्या वास्तूपासून आरंभ करून प्रत्येक सभासदाने आपल्या इमारतीत ते काम खरेखुरे चालते की नाही, हे मुलांना बरोबर घेऊन पाहावे. बंगळूरात पिढीजात विहिरी खणणारे मण्णु वड्डर आहेत. मण्णु म्हणजे माती. आपल्याकडचे मातीवडार ते हेच. त्यांच्या हातची विद्या अजून जिवंत आहे. तिला काम द्यावे.

दुसरी गोष्ट देवाची. रामनवमीला मल्लेश्वरमच्या रस्त्यारस्त्यांवर पानक, मज्जिगे आणि कोसंबरी वाटतात; आपण ते हात पुढे करून वर्षानुवर्षे घेत आलो. आता गुढीपाडव्यापासून पहिल्या पावसापर्यंत मंडळाच्या दाराशी एक पाणपोई असावी. कानडीत तिला अरवट्टिगे म्हणतात. पाटीवर दोन्ही शब्द लिहावेत. त्यात मातीचे रांजण असावेत आणि ते रोज सकाळी सभासदांनी स्वतःच्या हातांनी भरावेत, पाळी लावून. पैसे देऊन माणूस ठेवणे सोपे आहे. पण मग श्रीखंड्या तो ठरेल, आपण नव्हे.

तिसरी गोष्ट समाजाची, आणि आम्हाला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. महोत्सवाच्या सांगतेस आपण मोठी पंगत घालणार आहोत. आपल्या गल्लीत पाणी सोडणारा, टँकर चालवणारा, गटार उपसणारा, मंडळाची टाकी धुणारा, यांना कुटुंबासह त्या पंगतीचे आमंत्रण द्यावे. मागाहून उरलेले अन्न डब्यात भरून देण्यासाठी नव्हे; पहिल्या पंगतीला, आपल्या शेजारी, पाटावर बसण्यासाठी. नाथांच्या घरी जे चारशे वर्षांपूर्वी होऊ शकले, ते आपल्या घरी आज व्हायला काय हरकत आहे? आणि आपली मुले त्या दिवशी त्यांच्या पानात वाढतील, तेव्हा आम्ही येथे तासभर बोलून जे सांगू शकलो नसतो, ते त्यांना न सांगता कळेल.

मंडळ हेही एक तळेच आहे. पन्नास वर्षांपूर्वी कोणी त्याचा बांध घातला. नंतरच्यांनी बिळे बुजवली, गाळ काढला, सतरंज्या उचलल्या, वर्गणीसाठी जिने चढले. त्यांतल्या बहुतेकांची नावे या स्मरणिकेत सापडणार नाहीत. तळे मात्र भरलेले आहे. ते शेवटच्या शेतापर्यंत पोहोचते की वरच्या चार वाफ्यांतच मुरते, हे पाहणे आता आपल्याकडे आले आहे. नव्याने या शहरात आलेली, अजून कोणाचीही ओळख नसलेली मराठी कुटुंबे, वस्त्यांत राहणारे आपले कामगार, एकटे उरलेले वृद्ध, ही आपली शेवटची शेते. त्यांच्यापर्यंत पाणी गेले तरच मोरी नीट उघडली, असे नीरगंटी म्हणेल.